ताऱ्यांमधील धूळ आणि लातूरचा विद्यार्थी

उन्हाळ्याच्या निरभ्र रात्री मराठवाड्यातील एखाद्या खेड्यातून दक्षिणेकडे पाहिले, तर वृश्चिक राशीजवळून जाणाऱ्या आकाशगंगेच्या पट्ट्यात काळसर खिंडारे दिसतात. तेथे तारे नाहीत असे नव्हे. वायू आणि धूळ यांचे अतिशीत मेघ त्यांच्या प्रकाशाआड उभे असतात. या मेघांच्या वस्तुमानात धुळीचा वाटा जेमतेम एक टक्का असून तिचा कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा सूक्ष्म असतो. तथापि नवे तारे जन्मतात ते अशाच मेघांच्या उदरात.

मेघ स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावू पाहतो, तर त्यातील चुंबकीय क्षेत्र त्याला विरोध करते. ताऱ्यांमधील पोकळीत हे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे एक लाखांश असते. एवढे क्षीण क्षेत्र ओळखावे कसे? १९४९ साली हॉल आणि हिल्टनर या अमेरिकन शास्त्रज्ञांना धुळीतून आलेल्या तारकाप्रकाशाचे ध्रुवण झालेले आढळले. लांबट धूलिकण चुंबकीय रेषांना आडवे राहून फिरतात आणि आपल्या लांबीच्या दिशेने कंप पावणारा प्रकाश अधिक शोषतात. उरलेल्या प्रकाशाची कंपनदिशा म्हणजेच चुंबकीय क्षेत्राची दिशा होय. जी धूळ प्रकाश अडवते, तीच अशा रीतीने अदृश्याची साक्ष देते.

या साक्षीकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हेही जगाने पाहिले आहे. विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वलहरींची खूण सापडल्याची घोषणा मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील ‘बायसेप-२’ प्रयोगाने केली. ‘प्लँक’ उपग्रहाच्या निरीक्षणांशी ताळा घेतल्यावर २०१५ मध्ये दिसून आले, की त्या संकेताचा उगम आपल्याच आकाशगंगेतील धुळीने स्पष्ट होतो. सत्य आणि डोळा यांच्यामध्ये काय आहे, हे आधी मोजावे लागते, हा त्यातील धडा.

हे संशोधन लातूरपासून दूर नाही. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘आयुका’ केंद्राची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून जुन्नरजवळील गिरवली येथे आहे आणि तिच्यातून ध्रुवणाची मोजणी होते. लातूरची महाविद्यालये ज्याला संलग्न आहेत, त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात लंबवर्तुळाकार दीर्घिकांतील धुळीवर संशोधन झाले आहे. परंतु ‘लातूर पॅटर्न’मधील विद्यार्थी ध्रुवणाचे प्रकरण शिकतो ते परीक्षेतील गुणांपुरते; परीक्षा संपली की तेही संपते.

ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे आकाशातील धुळीची चर्चा हा चैनीचा विषय नव्हे काय, असा प्रश्न कोणी करील. प्रश्न रास्त आहे. पण भूजलाच्या पातळीचा आकडा तपासणाऱ्यालाही हीच शिस्त लागते: संकेत कोणता, आणि त्यात मिसळलेली भेसळ कोणती. पाठांतराने ती अंगी बाणत नाही. शिक्षकांनी पोलरॉइडचा एक तुकडा विद्यार्थ्याच्या हाती देऊन निळ्या आकाशाकडे पाहावयास लावावे आणि नांदेडच्या प्रयोगशाळेची वाट दाखवावी. डॉक्टर आणि अभियंते घडविणाऱ्या या जिल्ह्याने काही संशोधकही घडविले, तर गुणवत्तेचा त्याचा लौकिक अधिक सार्थ ठरेल.