शिंगरास द्यावयाच्या जंतनाशक औषधाची मात्रा

धनगर बांधवांच्या वाड्याबरोबर ओझी वाहत फिरणारी भीमथडी तट्टे, माथेरान-महाबळेश्वर येथे प्रवाशांना पाठीवर घेऊन चालणारी घोडी आणि दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत विक्रीस येणारी उमदी जनावरे यांमुळे महाराष्ट्रात अश्वपालनाची परंपरा आजही टिकून आहे. भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नोंद केल्यापासून या लहान चणीच्या जनावराकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळू लागले आहे. चांगल्या घोडीचे शिंगरू म्हणजे पाळणाऱ्याची दोन-तीन वर्षांची आशा असते. असे शिंगरू रोगाने दगावले तर दुःख होतेच. परंतु मालकाने काळजीपोटी आपल्या हाताने दिलेल्या औषधाने ते दगावावे, ही गोष्ट अधिकच खेदाची होय. जंतनाशक औषधाच्या बाबतीत असे घडू शकते आणि ते बहुतेक वेळा टाळता येण्याजोगे असते.

शिंगराच्या पोटात जंत होणे ही नवलाची गोष्ट नाही. त्यांतील मुख्य शत्रू म्हणजे वीतभर व त्याहूनही लांब वाढणारा, पिवळसर पांढरा गोल जंत. त्याची अंडी जमिनीवर वर्षानुवर्षे तग धरतात. शिंगरू माती चाटते, आईचे शेण हुंगते व खाते, त्यावाटे ती पोटात जातात. त्यांतून निघालेल्या अळ्या यकृतातून व फुप्फुसांतून प्रवास करून पुन्हा आतड्यात येतात. या सर्व प्रवासास दहा-बारा आठवडे लागतात. अशा शिंगरास खोकला येतो, केस राठ होतात, बरगड्या दिसू लागतात आणि पोट मात्र सुटते. येथेच पहिली फसगत होते. पोट सुटलेले शिंगरू डोळ्यास भरलेले वाटते. प्रत्यक्षात त्याचे वजन अंदाजाच्या मानाने पुष्कळच कमी असते. अंदाजावर औषध देणारा मनुष्य नेमका याच रोगट शिंगरास सर्वांत अधिक मात्रा देऊन बसतो.

आता मात्रेचा हिशेब पाहू. घोड्यांसाठी सर्वांत अधिक वापरले जाणारे जंतनाशक म्हणजे आयव्हरमेक्टिन. जपानमधील मातीतील एका सूक्ष्म जंतूपासून मिळालेले हे द्रव्य १९८१ मध्ये पशूंसाठी बाजारात आले आणि त्यामागील संशोधनाबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. घोड्यास त्याची मात्रा दर किलो वजनामागे ०·२ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ४५ किलो वजनाच्या शिंगरास केवळ ९ मिलिग्रॅम औषध पुरते. मोठ्या घोड्यासाठी बनविलेल्या पेस्टच्या एका नळीत मात्र साधारण १२० मिलिग्रॅम, म्हणजे ६०० किलो वजनाला पुरेल इतके औषध भरलेले असते. ती सबंध नळी आपल्या शिंगराच्या तोंडात रिकामी झाली तर त्यास तेरापट औषध मिळते. योग्य मात्रा म्हणून जी पेस्ट द्यावयाची, ती अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, वाटाण्याएवढी भरते. इतक्याशा औषधाने काय होणार, असे पाहणाऱ्याच्या मनात येते आणि बोट आणखी थोडे दाबले जाते.

नळीच्या दांड्यावर वजनाच्या खुणा असतात व त्यावर एक कडे बसविलेले असते. हे कडे हव्या त्या खुणेवर आणून फिरवून घट्ट अडकविल्याशिवाय दांडा तेथे थांबत नाही. शिंगरू मान झटकते, धरणारा घाईत असतो, आणि सैल कड्यामुळे दांडा शेवटपर्यंत जातो. शिवाय खुणा बहुधा मोठ्या घोड्याच्या हिशेबाने दूर दूर आखलेल्या असतात. त्यांवरून ४०-५० किलोचा भाग अचूक काढणे अवघड असते. म्हणून शिंगरासाठी पेस्ट आधी लहान, सुई नसलेल्या पिचकारीत काढून, मोजून, मगच द्यावी. जमिनीवर सांडलेली पेस्ट लगेच पुसून टाकावी. ती चाटणारे राखणीचे कुत्रेही या औषधाने आजारी पडू शकते.

दुसरा धोका गुरांसाठी असलेल्या १ टक्का इंजेक्शनच्या बाटलीचा आहे. ती बाटली गोठ्यात हाताशी असते, म्हणून तिच्यातील औषध घोड्यासही देण्याचा मोह होतो. या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम द्रव्य असते. वरील शिंगराच्या वजनाचा हिशेब ०·९ मिलिलिटर येतो. मधला टिंब चिठ्ठीवर पुसट झाला आणि ९ मिलिलिटर भरले की दहापट मात्रा झालीच. त्याखेरीज, घोड्याच्या मांसात हे औषध टोचल्याने तीव्र सूज व घातक जिवाणुसंसर्ग झाल्याचे अनुभव अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आले. घोड्यास हे औषध तोंडावाटे व घोड्यासाठी बनविलेल्या स्वरूपातच द्यावे.

एका चुकीचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण ती कोणाच्या अज्ञानातून होत नाही. सकाळी घरातील एकाने औषध दिलेले असते आणि संध्याकाळी दुसरा पुन्हा देतो. तबेल्याच्या खांबावर खडूने तारीख, वजन व मात्रा लिहून ठेवण्यास काहीच खर्च येत नाही.

वजनाविषयी सांगावयाचे तर मोठ्या घोड्याचा छातीचा घेर मोजून वजन काढण्याची फीत किंवा सूत्र शिंगरास लागू पडत नाही. जन्मतः शिंगराचे वजन आईच्या वजनाच्या सुमारे एक दशांश असते. २५० किलोच्या घोडीचे शिंगरू साधारण २५ किलोचे जन्मते आणि पुढील महिना-दीड महिन्यात ते दुप्पट होते. म्हणून गेल्या महिन्याचे वजन आज कामास येत नाही. सर्वांत सोपा उपाय असा : शिंगरास उचलून घेऊन धान्याच्या वजनकाट्यावर उभे राहावे व त्यातून आपले वजन वजा करावे. शिंगरू उचलण्यापलीकडे वाढले असल्यास बाजार समितीच्या आवारातील काट्यावर त्यास नेऊन उभे करावे. परदेशातील मिनिएचर जातीच्या घोड्याची उंची पूर्ण वाढीनंतरही जेमतेम ८६ सेंटिमीटर असते. अशा हौसेच्या जनावराच्या शिंगरास तर पाव ग्रॅम पेस्टही पुष्कळ ठरू शकते.

हे औषध जंतांच्या मज्जातंतूंना बधिर करून त्यांना लुळे पाडते. घोड्याच्या मेंदूत ते सहसा शिरत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांमध्ये असलेला एक अडसर त्यास परत लोटतो. मात्रा फार वाढली की हा अडसर अपुरा पडतो. कोवळ्या वयात तर तो पुरता पक्का झालेला नसतो असे मानले जाते. वांगी कुळातील रानटी वनस्पती गवतातून खाण्यात आलेल्या घोड्यांना नेहमीच्या मात्रेनेही विषबाधा झाल्याचा वृत्तांत अमेरिकेतून २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. आपल्याकडील रिंगणी व कामोणी याच कुळातील असल्याने चाऱ्यातून त्या निवडून टाकलेल्या बऱ्या. मॉक्सिडेक्टिन नावाचे याच गटातील दुसरे औषध चरबीत साठून राहते आणि लहान, कृश शिंगरास त्याचा धोका याहून मोठा आहे. सहा महिन्यांच्या आतील शिंगरास ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय मुळीच देऊ नये.

विषबाधेची चिन्हे काही तासांत, कधी दुसऱ्या दिवशी दिसू लागतात. शिंगरू मान खाली टाकते, खालचा ओठ लोंबतो, लाळ गळते. चालताना पाय अडखळतात, अंग थरथरते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि समोरची भिंतही त्यास दिसेनाशी होते. पुढे ते आडवे पडते व श्वास मंदावतो. चिन्हे दिसण्याची वाट पाहू नये. मात्रा अधिक झाल्याचे लक्षात येताच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे आणि औषधाची नळी अथवा बाटली, दिलेले प्रमाण, वेळ व शिंगराचे वजन सांगावे.

घोड्यास ओकारी होत नाही. म्हणून मिठाचे पाणी पाजून उपयोग नाही. तेल, तूप किंवा ताक घशात ओतू नये, कारण गिळण्याची शक्ती कमी झालेल्या शिंगराच्या फुप्फुसांत ते उतरते. शिवाय हे औषध चरबीत विरघळणारे आहे. थरथर थांबविण्यासाठी घरातील कोणतेही गुंगीचे औषध देऊ नये. त्यांपैकी काही औषधे मेंदूत याच विषाच्या परिणामात भर घालतात. या विषावर नेमका उतारा उपलब्ध नाही. पशुवैद्यक नाकातून नळी घालून सक्रिय कोळशाची पूड देतात आणि ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते, कारण हे औषध पित्तावाटे आतड्यात येऊन परत रक्तात शोषले जाते. शिरेतून स्निग्ध द्रावण देण्याचा उपचार एका मिनिएचर शेटलंड शिंगरावर केल्याचा वृत्तांतही २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाकी सारे शुश्रूषेवर अवलंबून असते, आणि ती घरच्यांनीच करावयाची आहे. शिंगरास मऊ अंथरुणावर, अंधाऱ्या व शांत जागी ठेवावे. दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी. अंग उबदार राखावे. ते चोखू शकत नसेल तर दूध पशुवैद्यकाने नळीनेच द्यावे. तोवर घोडीचा सड पिळून मोकळा करीत राहावे, अन्यथा शिंगरू सावरेपर्यंत तिचे दूध आटते. आयव्हरमेक्टिनची बाधा झालेली जनावरे तीन-चार दिवसांच्या नेटाच्या सेवेने उठून उभी राहू शकतात.

मात्रा बरोबर असूनही एक संकट संभवते. जंतांनी गच्च भरलेल्या शिंगरास एकदम लुळे पाडणारे औषध दिले की मेलेल्या जंतांचा गोळा आतड्यात अडकतो. औषधानंतर एक-दोन दिवसांत शिंगरू लोळू लागले, पोटाकडे वळून पाहू लागले तर ते विष नसून पोटशूळ असू शकतो, व तोही तितकाच तातडीचा असतो. या कारणास्तव पहिले जंतनाशक दोन ते तीन महिन्यांच्या वयात फेनबेंडॅझोल हे द्यावे. शिंगराच्या गोल जंतांसाठी त्याची मात्रा दर किलोस १० मिलिग्रॅम आहे आणि चुकून अधिक गेल्यास त्यापासून होणारा धोका फार कमी आहे. आयव्हरमेक्टिनला न जुमानणारे गोल जंत २००२ मध्ये नेदरलँड्समध्ये आढळले व पुढे अनेक देशांत दिसून आले, हेही या निवडीस पूरक कारण आहे. दुसरी मात्रा दूध तोडण्याच्या सुमारास, चार ते सहा महिन्यांच्या वयात, शेण तपासून घेऊन द्यावी. विषबाधेतून उठलेल्या शिंगरास पुढील औषध केव्हा व कोणते द्यावयाचे, ते मात्र पशुवैद्यकाने शेणाची तपासणी करून व शिंगरास पुन्हा काट्यावर तोलून ठरवावे.