नियम आहेत, जाणते कोठे?

कृष्णाकाठच्या वाईसारख्या गावात सरकारी खरेदी हा विषय सहसा चर्चेला येत नाही. नळाच्या पाण्यात पडणारी तुरटी, रस्त्यावरचा दिवा, ग्रामीण रुग्णालयातील औषध, शाळेतील बाक आणि अंगणवाडीतील बालकाच्या ताटातला घास ही सारी कोणा कारकुनाने काढलेल्या निविदेतून आलेली असतात, हे नागरिकाच्या ध्यानीमनीही नसते. एखादे प्रकरण विधिमंडळात गाजले म्हणजे तेवढ्यापुरता गदारोळ होतो, चौकशीची घोषणा होते आणि नवा नियम जन्माला येतो. नियमाने नियम वाढत जातात. खरेदी मात्र सुधारतेच असे नाही. असे का व्हावे, याचा विचार शांतपणे करावयास हवा.

महाराष्ट्रात नियमांची वाण नाही. शासकीय कार्यालयांच्या खरेदीची सुधारित नियमावली १ डिसेंबर २०१६ रोजी निघाली. त्याच वर्षी केंद्राने ‘जेम’ ही संगणकीय बाजारपेठ उघडली आणि २०१७ मध्ये आपले सामान्य वित्तीय नियम नव्याने बांधले. तमिळनाडूने १९९८ साली आणि कर्नाटकाने १९९९ साली निविदांच्या पारदर्शकतेचे स्वतंत्र कायदे केले. महाराष्ट्राचा कारभार मुख्यत्वे शासन निर्णयांवर चालत आला. कायदा असावा की नसावा, हा वाद क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. नियम चोराची वाट अडवू शकतो. परंतु काय घ्यावे, कोणत्या प्रतीचे घ्यावे आणि आलेला माल कसा पारखावा, हे तो शिकवू शकत नाही. कौटिल्याने राजधनाच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले, हे आपल्याकडे कौतुकाने उद्धृत केले जाते. परंतु मालाचे प्रकार आणि त्यांच्या भावातील तफावत पण्याध्यक्षाने जाणली पाहिजे, अशी अपेक्षाही त्याच ग्रंथात आहे. आपण अपहाराची यादी लक्षात ठेवली आणि जाणतेपणाची अट विसरलो.

वाई हे हळदीच्या व्यापारासाठी ओळखले जाणारे गाव. तेव्हा उदाहरण हळदीचेच घेऊ. समजा, एखाद्या वसतिगृहासाठी हळदपूड घ्यावयाची आहे आणि निविदेत ‘उत्तम प्रतीची हळद’ एवढेच लिहिले आहे. अशा शब्दांनी कोणाचेच हात बांधले जात नाहीत. ओलावा किती चालेल, रंगासाठी काही मिसळलेले नाही याची चाचणी कोठे होईल, नमुना कोणी आणि केव्हा काढावयाचा, माल नापसंत झाल्यास तो कोणाच्या खर्चाने परत जाईल, हे लिहिले तरच त्या निविदेला अर्थ येतो. प्रामाणिक व्यापारी चांगल्या मालाचा भाव भरतो, दुसरा भेसळीचा भरतो आणि शब्द सैल असल्यामुळे दुसराच जिंकतो. गुन्हा कोणी केला नाही, नियम कोणी मोडला नाही. तरी पैसा वाया गेला आणि माल वाईट आला.

नेमके वर्णन करणे किती अवघड असते, हे वाईला कोणी नव्याने सांगावयास नको. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली याच गावी उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. परंतु त्याआधी, १९७३ साली, परिभाषा संग्रह प्रसिद्ध झाला होता. आधी शब्दांचे अर्थ निश्चित करावयाचे आणि मग ज्ञान मांडावयाचे, हा तो क्रम. खरेदीचा क्रमही याहून वेगळा नाही. तांत्रिक विनिर्देश म्हणजे त्या वस्तूची परिभाषाच होय. ती पक्की नसेल तर पुढची सारी प्रक्रिया सचोटीची असूनही पोकळ ठरते.

दुसरी अडचण भीतीची आहे. न्यूनतम दराची निविदा स्वीकारली की लेखापरीक्षक विचारत नाही. त्याहून जादा दराची, पण टिकाऊ मालाची स्वीकारली तर खुलासे देता देता अधिकाऱ्याची पुरेवाट होते. साहजिकच स्वस्त आणि किफायतशीर यांतला भेद कागदावरून पुसला जातो. तीन वर्षे टिकणारा पंप आणि सहा महिन्यांत बंद पडणारा पंप एकाच तराजूत तोलले जातात. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काही मर्यादेत दराबरोबर गुणवत्तेलाही गुण देण्याची मुभा दिली. मात्र मुभा वापरण्यासाठी गुण कसे द्यावेत आणि त्यांची कारणे कशी नोंदवावीत, हे ठाऊक असावे लागते. अर्धवट माहितीच्या अधिकाऱ्याला मुभा म्हणजे नवे संकटच वाटते.

ही झाली घेणाऱ्याची बाजू. विकणाऱ्याची स्थिती याहून बिकट आहे. अंगणवाड्यांच्या पूरक आहारात ठेकेदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी बजावले होते. तरीही महाराष्ट्रात २०१६ साली निघालेल्या घरपोच आहाराच्या निविदेत अनेक प्रकल्पांची एकत्र मोट बांधली गेली आणि उलाढालीच्या अटी अशा घातल्या गेल्या की सामान्य महिला बचत गटाने त्या वाचूनच परत फिरावे. वैष्णोराणी महिला बचत गटाच्या दाव्यात २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती प्रक्रिया रद्द ठरविली. निविदा उघड होती, जाहिरात झाली होती, लिफाफे रीतसर उघडले गेले होते. दोष होता तो अटींत. दार सताड उघडे असले तरी उंबरठाच छातीएवढा असेल, तर आत कोण येणार?

न्यायालयाने उंबरठा उतरविला तरी आत येण्याचे बळ ज्याचे त्याला लागतेच. महाटेंडर्सवर नोंदणी, डिजिटल स्वाक्षरी, बयाणा रक्कम, दरपत्रक, करांचा हिशेब यांपैकी एक कागद चुकला की निविदा बाद. केंद्रीय खात्यांनी आपल्या खरेदीचा ठरावीक वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, हे धोरण २०१२ पासून आहे. २०१८ मध्ये तो वाटा वीसवरून पंचवीस टक्के झाला. २००६ च्या कायद्यान्वये लघु पुरवठादाराचे देयक फार तर पंचेचाळीस दिवसांत चुकते करावे लागते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज पडते. हक्क भक्कम आहे. पण पुढच्या वर्षी पुन्हा त्याच कार्यालयाच्या दारी जावयाचे असताना व्याज मागण्याचे धाडस कोण करील? मग पुरवठादार उशिराची किंमत आधीच दरात मिसळतो. ज्यांना ते जमत नाही ते बाजूस होतात, स्पर्धा आटते आणि महाग माल अखेर करदात्याच्याच माथी बसतो.

म्हणून प्रशिक्षण हा शोभेचा विषय नव्हे. पुण्याला ‘यशदा’ आहे. परंतु तालुक्याच्या कार्यालयात खरेदीचे टेबल सांभाळणाऱ्याला बदलीबरोबर आलेले हे काम बहुधा जुनी धारिका पाहूनच शिकावे लागते. कोणाही व्यक्तीला ते टेबल देण्यापूर्वी विनिर्देश लिहिणे, बाजारभाव काढणे, नमुना तपासणे आणि माल स्वीकारणे यांचे शिक्षण सक्तीचे हवे. पुरवठादारांसाठी पंचायत समिती व नगरपरिषद यांनी वर्षातून एकदा उघड सभा घ्यावी, पुढील वर्षीची संभाव्य खरेदी जाहीर करावी आणि निविदा कशी भरावी ते प्रत्यक्ष दाखवावे. गावोगावच्या वाणिज्य महाविद्यालयांना हे काम सहज पेलेल.

घेणारा व विकणारा यांना एकत्र बसविले तर संगनमत वाढेल, अशी शंका कोणी घेईल. ती अगदीच निराधार नाही. परंतु संगनमताला आडोसा लागतो, चार लोकांदेखतची सभा त्याला मानवत नाही. शिक्षणाने लबाड माणूस सज्जन होईल, असाही दावा कोणी करू नये. मात्र जाणकार कारकुनाला फसविणे अवघड जाते, आणि जिथे पाच पुरवठादार तयारीने उतरतात तिथे एकाची मक्तेदारी टिकत नाही. नियमपुस्तिका जाड करणे सोपे आहे, कारण तिला खर्च फक्त कागदाचा येतो. ती वाचणारी, समजणारी आणि तिच्या आधारे निर्भयपणे निर्णय घेणारी माणसे तयार करावयाची तर वेळ, पैसा आणि चिकाटी लागते. तो खर्च टाळला की त्याची वसुली अंगणवाडीतल्या बालकाच्या ताटातून होते.