दवण्याचा पंधरवडा

गुढीपाडवा ते चैत्री पौर्णिमा. जुडीने विकायच्या दवण्याला खरं गिऱ्हाईक मिळतं ते या पंधरा दिवसांत. आधी कुणी फारसं विचारत नाही, आणि पौर्णिमा उलटली की कालपर्यंत घासाघीस करणारा व्यापारी जुड्यांकडे ढुंकूनही बघत नाही. एवढ्या अडनिड्या बाजारासाठी चार-पाच महिने राबणारे शेतकरी आजही आहेत, याचं मला कायम अप्रूप वाटत आलं आहे. वसंतातल्या सुगंधी वनस्पतींवर लिहायला घेतलं की माझी गाडी दवण्यावर येऊन थांबते ती त्यामुळेच.

दवणा हे सूर्यफुलाच्या कुळातलं थंडीचं पीक. नोव्हेंबरात पेरलं की फेब्रुवारी-मार्चात फुलावर येतं. गुडघ्याएवढं किंवा थोडं वर जाणारं झाड, बारीक कातरलेली पानं, त्यांवर राखी लव आणि मण्यांएवढे पिवळट फुलांचे गोंडे. पान चुरगळलं की आधी पिकल्या फळासारखा गोड वास येतो आणि मागून कडसर. हा कडसरपणा आला नाही, तर दवणा कोवळा आहे म्हणून खुशाल समजावं.

झाड थंडी-उन्हाच्या हिशोबाने वाढतं, देवांचा हिशोब चंद्राचा. पंचांगात चैत्र शुद्ध द्वादशीला विष्णूचा दमनोत्सव, चतुर्दशीला शिवाचा, आणि पौर्णिमेला पन्हाळा तालुक्यात वाडी रत्नागिरीला जोतिबाची यात्रा. तिथे सासनकाठ्या नाचतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, ‘चांगभलं’चा गजर होतो, आणि देवाला दवणा वाहिला जातो. 2023 साली ही पौर्णिमा 6 एप्रिलला होती. मध्ये अधिक श्रावण आला आणि 2024 साली ती 23 एप्रिलवर गेली. 2025 साली पुन्हा 12 एप्रिल. आता शेतकऱ्याने करायचं काय? तारीख धरून पेरलं, तर उशिराच्या वर्षी यात्रेआधीच दवणा बी धरून वाळायला लागतो. तिथी धरून पेरणी मागे ढकलली, तर वाट्याची थंडी कमी होते आणि एप्रिलचं ऊन रोपांच्या डोक्यावर येतं.

पुरंदर तालुक्यातल्या एका छोट्या सेंद्रिय शेतावर मी अधूनमधून जातो, तिथे या पेचावरचा तोडगा पाहायला मिळाला. अंजिराच्या बागेच्या कडेला जेमतेम काही गुंठ्यांत दवणा, मरवा, पुदिना, गवती चहा आणि सब्जा. दवण्याचा कारभार सगळा घरातल्या मावशींकडे. त्या पंचांग आणि आभाळ दोन्ही बघून वाफे टाकतात. “एक वाफा दिवाळीच्या सुमाराला, दुसरा पंधरा-वीस दिवसांनी. सगळा एकदम आला तर विकायचा कुणाला, दादा? अन् एखादा वाफा मेला, तर दुसरा हाताशी ऱ्हातो.”

वाफे मरतात, हे खरंच. दवण्याचं बी इतकं बारीक की चिमटीत किती आलं ते समजत नाही. मावशी ते ओल्या फडक्यात बांधून दोन दिवस ठेवतात, मोड डोकावले की वाळूत मिसळून गादीवाफ्यावर फोकतात आणि वरून चाळलेल्या शेणखताचा पातळ थर देतात. पाणी झारीनेच, तेही सकाळी. हात सैल सुटला की रोपं बुंध्याशी काळी पडून माना टाकतात. महिना-सव्वा महिन्यात रोपं बोटभर उंच झाली की पुनर्लागण. पुढे कीड बेताची, पण मध्येच अवकाळी पाऊस झाला, तर वासही गेला आणि पैसेही.

सेंद्रियचं शास्त्र थोडक्यात सांगून टाकतो. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती पाण्यात कालवून जीवामृत. किडीसाठी दशपर्णी अर्क. निर्यातीला लागणारं प्रमाणपत्र ‘एनपीओपी’चं, देशातल्या बाजारासाठी शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची शेतं तपासण्याची ‘पीजीएस-इंडिया’ ही स्वस्तातली पद्धत. आठवडी बाजारात मात्र कागद कुणी मागत नाही. जुडी नाकाशी धरतात आणि पैसे देतात.

दवण्याला दुसराही बाजार आहे, तो तेलाचा. कर्नाटक, तामिळनाडू, आंध्रात दवणा मुख्यतः त्यासाठीच लावतात. पूर्ण फुलावर आलेलं झाड कापून, सावलीत सुकवून वाफेवर ऊर्ध्वपातन करतात. शंभर किलो ओल्या पाल्यातून तेल निघतं जेमतेम दोनशे ग्रॅमच्या आसपास. त्यातला मुख्य घटक दवणोन. हे तेल परदेशी अत्तरांत जातं. अत्तरवाले सांगतात की ते प्रत्येकाच्या कातडीवर वेगळं दरवळतं. दवण्याच्याच आर्टेमिसिया प्रजातीतल्या एका चिनी वनस्पतीतून हिवतापावरचं आर्टेमिसिनिन मिळालं आणि तू योयो यांना 2015 साली नोबेल. आपला भाऊबंद मात्र वेणीत आणि देवळातच राहिला. त्यात कमीपणा आहे, असं मला मुळीच वाटत नाही. सोलापूर-कोल्हापूरकडे अबोलीच्या वेणीत दवण्या-मरव्याची काडी गुंफतात, तिची सर नुसत्या मोगऱ्याच्या गजऱ्याला नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. शहरातल्या रोपवाटिकांत रोझमेरी, थाइम, इटालियन बेसिल यांच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या असतात. बेसिल तर आपल्या सब्ज्याचाच सख्खा भाऊ, दोघांची जात एकच. दवण्याचं रोप मागितलं, की विकणारा मुलगा आधी माझ्याकडे आणि मग मालकाकडे बघतो. मागणी नाही म्हणून रोप नाही आणि रोप दिसत नाही म्हणून मागणी नाही. मावशींनी यावर पिशवीतल्या रोपांचा उपाय काढला आहे. पुनर्लागणीतून उरलेली रोपं त्या पिशव्यांत भरतात आणि संक्रांतीच्या सुमाराला बाजारात ठेवतात. रोपाचे पैसे जुडीपेक्षा जास्त येतात आणि पौर्णिमेची वाट बघावी लागत नाही. छोट्या शेताने करावा असा धंदा हाच, असं माझं मत झालं आहे.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा पेरणीचे दिवस सुरू झालेले असतील. पाच-सहा तास ऊन येणारी बाल्कनी पुरते. पसरट कुंडी घ्या, निचरा चांगला ठेवा आणि बी यंदाचंच मागा. दवण्याचं बी वर्षभरात उगवण गमावतं. फुलं आली की एक जुडी देवाला वाहा, एक सावलीत वाळवून साड्यांच्या कपाटात ठेवा, आणि दोन-चार झाडं न कापता पुढच्या वर्षीच्या बियांसाठी उभी सोडा.