बोहाडा : परंपरा, अद्भुत आणि आधुनिक तंत्रज्ञान यांचा समतोल

प्रस्तावना :
कल्पित विश्वात शिरून तेथील भूमिका वठविणे ही मानवाची सार्वत्रिक प्रवृत्ती आहे. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने तिला आधुनिक रूप दिले. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात, जामसरसारख्या खेड्यांच्या मुलखात, आदिवासी समाजाने हीच प्रवृत्ती बोहाड्याच्या रूपाने पिढ्यानपिढ्या जोपासली आहे. या विश्वात वीज, ध्वनिवर्धक व भ्रमणध्वनी आल्यावर त्यातील अद्भुताचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बोहाड्याचे स्वरूप :
होळीनंतरच्या दिवसांत शेतीची कामे नसताना बोहाडा होतो. रात्री गावातील वाटेवर एकामागून एक सोंगे नाचत येतात. प्रारंभी गणपती व सरस्वती, पुढे नृसिंह, रावण, भीम, खंडेराव आणि अखेरीस महिषासुराचा वध करणारी जगदंबा. विशिष्ट सोंग विशिष्ट घराण्याकडे असण्याची प्रथा अनेक गावांत आहे. मुखवट्याची पूजा करून तो धारण केला जातो. त्यानंतर तो मनुष्य शेजारी राहत नाही, देव होतो. सोंग कोणी घेतले हे सर्वांना ठाऊक असते, तरीही हात जोडले जातात. समाजाने एकत्रितपणे मान्य केलेला हा नियम हेच बोहाड्यातील अद्भुताचे मूळ होय.

प्रकाश आणि ध्वनी :
पूर्वी सोंगासमोर मशाली धरल्या जात. ज्योत हलली की मुखवट्यावरील सावल्या हलत व निश्चल चेहरा सजीव भासे. अंधारातून सोंग अवतरे आणि अंधारातच लुप्त होई. विजेच्या स्थिर प्रकाशात मार्ग सुरक्षित झाला, आगीचे भय कमी झाले. मात्र मुखवट्याबरोबर त्याच्या दोऱ्या आणि खालची विजारही दिसू लागली. ध्वनीचेही तसेच आहे. संबळ व सनईच्या चालीवर सोंगाची पावले ठरतात. वादक सोंगाकडे पाहून लय वाढवितो वा उतरवितो. ध्वनिमुद्रित संगीताला हे साधत नाही.

मुखवटे आणि चित्रण :
प्रत्येक बदल हानिकारकच असतो असे नाही. पूर्वीच्या जड लाकडी मुखवट्यांबरोबर कागदाच्या लगद्याचे हलके मुखवटे आले. जव्हार तालुक्यातील रामखिंड येथील कारागीर त्यासाठी ओळखले जातात. या बदलाने परंपरा मोडली नाही. नाचणे सुकर झाले व हातांना काम मिळाले. वीटभट्ट्या व बांधकामांवर स्थलांतरित झालेल्या मजुरांना भ्रमणध्वनीवरील चित्रणातून गावाचा बोहाडा पाहता येतो, तरुणांना वृद्धांची पावले पुन्हा पुन्हा पाहून शिकता येतात. परंतु वाटेच्या दोन्ही बाजूंचे सर्व हात चित्रण करण्यात गुंतले, तर जोडण्यास हात उरत नाहीत.

अद्भुताची मर्यादा :
समतोलाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सोंगातील देवत्व त्या रात्रीपुरते व त्या वाटेपुरते असते. सर्पदंश झाल्यावर मंत्रावर विसंबणे ही परंपरा नव्हे, प्राणाशी खेळ आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने दंश झालेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे. येथे विज्ञानाचा शब्द अखेरचा मानला पाहिजे.

निष्कर्ष :
तंत्रज्ञान नवे की जुने, हा खरा प्रश्न नाही. ते सोंग आणि पाहणारा यांमधील नाते दृढ करते की तोडते, हीच कसोटी असावी. वाटेवर व प्रेक्षकांकडे विजेचे दिवे असावेत, परंतु सोंगासमोर मशाल राहावी. निवेदनास ध्वनिवर्धक असावा, परंतु नृत्यास संबळच असावा. चित्रण एकदोघांनी करावे व ते गावाच्या स्वाधीन राहावे. असे निर्णय बाहेरच्या आयोजकांनी नव्हे, तर सोंग नाचविणाऱ्या घराण्यांनी व गावाने मिळून घ्यावेत. ज्यांनी या विश्वाचे नियम घडविले, त्यांनाच ते बदलण्याचा अधिकार आहे.