विश्लेषण : शहराचा ‘अल्बम’ कसा तयार होतो? वाशीमच्या वत्सगुल्माला सूर सापडतील का?

वाशीमचे नाव अलीकडे बातम्यांत येते ते बहुधा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीमुळे. २०१८ मध्ये नीती आयोगाने निवडलेल्या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत वाशीम आहे. पण याच गावाचे जुने नाव वत्सगुल्म, आणि ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. जेरुसलेम, इस्तंबूल, व्हेनिस अशा ऐतिहासिक शहरांवर संगीतकारांनी अख्खे अल्बम केले आहेत. तसे काही वत्सगुल्मावर करायचे म्हटले, तर हाताशी नेमके काय आहे?

‘कन्सेप्ट अल्बम’ म्हणजे काय?

सुटी गाणी एकत्र बांधली की होतो तो साधा अल्बम. एकाच कल्पनेभोवती रचना गुंफल्या आणि त्यांचा क्रमही ठरवून लावला, तर तो कन्सेप्ट अल्बम. मराठी श्रोत्याला हे नवे नाही. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ याच जातीचे : एक कथा, ५६ गीते आणि पक्का क्रम. मोबाइलवर गाणी उलटसुलट क्रमाने ऐकण्याच्या सवयीने अशा कामाचे सर्वाधिक नुकसान होते, हे जाता जाता सांगायला हवे.

शहरावर अल्बम कोणी केले?

यात मोठे नाव जोर्डी सावाल यांचे. १९४१ मध्ये स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात जन्मलेले सावाल बार्सिलोनात चेलो शिकले. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातले, दोन पायांमध्ये धरून गजाने वाजवायचे खर्जाचे वाद्य. पुढे ते ‘व्हिओला दा गांबा’ या त्याहून जुन्या वाद्याकडे वळले. २००८ मध्ये गायिका-पत्नी मोन्सेरात फिगेरास यांच्यासह त्यांनी जेरुसलेमवर अल्बम केला. त्यात ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लीम परंपरांचे संगीत एकाच सूत्रात येते, आणि नाझी छळछावणीतून वाचलेल्या एका गायकाचे १९५० मधील ध्वनिमुद्रणही येते. पुढच्याच वर्षी इस्तंबूलवरचा अल्बम आला. त्याचा पाया दिमित्री कांतेमिर या राजपुत्राने जपलेल्या ऑटोमन स्वरलिपी. जोडीला आर्मेनियन आणि स्पेनमधून परागंदा झालेल्या ज्यूंचे संगीत. २०१७ मध्ये व्हेनिसच्या हजार वर्षांचा अल्बम आला.

सावाल यांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. ते शहराचे ‘वातावरण’ हवेतून निर्माण करत नाहीत. आधी हस्तलिखिते, प्रार्थना, प्रवासवर्णने आणि शहरात राहून गेलेल्या समाजांची गाणी शोधतात आणि मग वाद्य हाती घेतात.

सारायेवोची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. मे १९९२ मध्ये वेढा पडलेल्या त्या शहरात पावाच्या रांगेवर तोफगोळे पडून २२ जण ठार झाले. चेलोवादक वेद्रान स्माइलोविच यांनी त्यानंतर २२ दिवस उघड्यावर चेलो वाजवला. तिथे संशोधन नव्हते, शहरच समोर जळत होते. इंग्रज संगीतकार डेव्हिड वाइल्ड यांनी त्यावर रचलेली एकल चेलोची रचना यो-यो मा यांनी ध्वनिमुद्रित केली आहे.

वत्सगुल्माकडे काय शिल्लक आहे?

गावात त्या काळच्या इमारती दिसत नाहीत. आजच्या वाशीमची ओळख असलेले बालाजी मंदिर अठराव्या शतकातले, भोसल्यांच्या काळातले. वाकाटक वत्सगुल्म आहे ते मजकुरात, आणि तो मजकूर संगीतकाराला हेवा वाटावा असा आहे.

१९३९ मध्ये वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचे ताम्रपट मिळाले. तोवर वाकाटकांची ही स्वतंत्र शाखा होती हेच अभ्यासकांना नीट उमगले नव्हते. अजिंठ्याच्या लेखातील सर्वसेन हे नाव चुकीचे वाचले गेले होते. वा. वि. मिराशी यांच्या वाचनाने तो गुंता सुटला. ताम्रपट वत्सगुल्माहून, राज्याच्या ३७ व्या वर्षी दिलेले आहेत. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. एकाच पत्र्यावर दोन भाषा, दोन लयी.

या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन स्वतः कवी होता. त्याने ‘हरिविजय’ हे काव्य प्राकृतात लिहिले. सत्यभामेसाठी कृष्णाने पारिजात आणल्याची ती कथा. काव्य हरवले. आनंदवर्धन, भोज, हेमचंद्र अशा पंडितांनी आपल्या ग्रंथांत त्याचे उल्लेख आणि उतारे दिले, तेवढेच उरले. ज्या महाराष्ट्री प्राकृताला मराठीची पूर्वज मानतात, त्या भाषेतले हे राजाचे काव्य. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा वाशीमचे नाव फारसे कुणी घेतले नाही, हे मात्र खटकते.

नवव्या-दहाव्या शतकातील राजशेखराने तर ‘काव्यमीमांसे’त या गावाला मानाचे पान दिले. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघतो. त्याला वळवण्यासाठी साहित्यविद्या ही वधू मागोमाग देशोदेशी फिरते. प्रत्येक प्रदेशात तिचा वेश, नृत्य आणि बोलण्याची रीत बदलते. शेवटी विदर्भातील वत्सगुल्मात दोघांचा विवाह होतो. एकेका प्रदेशाची एकेक रचना आणि अखेरची वत्सगुल्माची : अल्बमचा आराखडा राजशेखराने आयताच दिला आहे.

मग सूर कुठले?

त्या काळाची स्वरलिपी नाही. पण चित्र आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वत्सगुल्माचा राजा हरिषेण याच्या अमलात अजिंठ्याची कितीतरी लेणी कोरली गेली. त्यातले १६ वे त्याचा सचिव वराहदेव याने दिले. पहिल्या लेण्यातील महाजनक जातकात नर्तकी आहे आणि तिच्याभोवती बासऱ्या, मृदंग, झांजा घेतलेल्या स्त्रियांचा ताफा आहे. वाद्यवृंदाची यादी भिंतीवरच रंगवलेली!

चेलो मात्र त्यात बसत नाही. त्या काळच्या वीणा छेडून वाजवायच्या. गजाच्या वाद्यांचे ठोस पुरावे त्यानंतर काही शतकांनी मिळतात. तरी विदर्भाला गज परका नाही : नाथपंथी भिक्षेकऱ्यांची किंगरी आणि परधानांचे गजाचे वाद्य हे चेलोचे लांबचे भाऊबंदच. चेलोनेही भारतीय वळण घेतले आहे. झिया मोहिउद्दीन डागर यांच्या शिष्या नॅन्सी लेश त्यावर धृपद वाजवतात. हरिप्रसाद चौरसियांकडे शिकलेल्या सास्किया राव-द हास यांनी मांडी घालून वाजवता येईल असा, तरफेच्या दहा तारांचा ‘भारतीय चेलो’ घडवून घेतला. खर्जात मींड घेणारे हे वाद्य हरवलेल्या काव्यासाठी गैर ठरणार नाही. त्याला ‘वाकाटककालीन संगीत’ म्हणून विकले, तर मात्र ती फसवणूक होईल.

आणि शेवटची रचना?

हरिषेणानंतर ही सत्ता फार टिकली नाही. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील विश्रुताच्या कथेत या अस्ताची आठवण दडली आहे, असे मिराशींचे मत होते. त्या कथेतला विदर्भाचा तरुण राजा गीत-नृत्यात निपुण आहे, पण राज्यकारभाराकडे त्याचे लक्ष नाही. शेजारचा अश्मकांचा राजा डाव टाकतो आणि राज्य बुडते.