गोपनीयतेची मर्यादा आणि मुलाचा विश्वास

प्रौढ व्यक्ती समुपदेशकाकडे बहुधा स्वतःहून जाते. मुलाला मात्र पालक किंवा शाळा घेऊन येते, आणि त्यामुळे उपचार मुलावर होत असले तरी त्यांना परवानगी देणारे, शुल्क भरणारे व प्रगतीची चौकशी करणारे दुसरेच असतात. बालमानसोपचारातील अनेक नैतिक पेच या रचनेतूनच निर्माण होतात.

भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अठरा वर्षांखालील रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याची बाजू सांभाळणारी व्यक्ती, हा सर्वसाधारणपणे त्याचा कायदेशीर पालक असतो. दुसरीकडे, भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आपल्या बाराव्या अनुच्छेदात मुलाच्या मताला त्याच्या वयाच्या व समजेच्या प्रमाणात महत्त्व देण्यास सांगतो. म्हणूनच पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा होकारही, म्हणजे त्याला कळेल अशा भाषेत समजावून मिळवलेली तयारीही, आवश्यक मानली जाते.

सर्वांत कठीण कसोटी गोपनीयतेची असते. पंधरा वर्षांच्या मुलाने चोरून सिगारेट ओढल्याचे सांगितले, तर ते तत्काळ पालकांच्या कानावर घालणे विश्वासाला मारक ठरू शकते. तोच मुलगा जीव देण्याचा बेत बोलून दाखवू लागला, तर मौन पाळणे अक्षम्य ठरते. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने हा पर्यायच ठेवलेला नाही: त्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार असा गुन्हा कळलेल्या कोणत्याही व्यक्तीने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला माहिती देणे बंधनकारक असून, ती न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

‘कोणाला सांगू नका’ अशी विनवणी मुलाने केली तरी हे बंधन सुटत नाही. परंतु कळवण्याची रीत समुपदेशकाच्या हाती उरते. पोलिसांकडे जाण्यापूर्वी मुलाला त्याची कल्पना देणे, पुढे काय घडेल हे सांगणे आणि अत्याचार करणारा घरातलाच असल्यास कोणत्या आप्ताला विश्वासात घ्यावे हे ठरवणे, यांवर त्या मुलाची सुरक्षितता आणि पुन्हा कोणाजवळ बोलण्याची हिंमत अवलंबून असते.

यासाठीच पहिल्या भेटीत, मूल व पालक दोघांच्या उपस्थितीत, काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही हे स्पष्ट करणे अपरिहार्य आहे. जे वचन पाळता येणार नाही ते मुलाला देणे, मग ते कितीही मायेने दिलेले असो, हीच त्याची पहिली फसवणूक ठरते.