उसन्या विजेवर बोलणारं लेबल

डेकॅथलॉनमधून आणलेल्या टी-शर्टचं लेबल फेकून देण्याआधी एकदा उजेडासमोर धरून बघा. कागदाच्या आत चंदेरी, नागमोडी रेघ दिसते. ही अ‍ॅल्युमिनियमची अँटेना. तिच्या मधोमध जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा काळा ठिपका असतो, ती चिप. बॅटरी शोधत बसू नका, ती नाहीच. तरीही दुकानात हे कपडे घडी न मोडता एका पेटीत टाकले, की पडद्यावर क्षणात यादी हजर होते. आरएफआयडी म्हणतात ते हेच. बॅटरी नसताना हा ठिपका बोलतो कशाच्या जोरावर?

वीज येते ती विचारणाऱ्याकडूनच. रीडर नावाचं यंत्र रेडिओलहरी सोडतं. भारतात यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा ठेवला आहे, म्हणजे सेकंदाला साधारण साडेशहाऐंशी कोटी हेलकावे. या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. तिला नीट प्रतिसाद द्यायचा तर अँटेना तिच्या निम्मी, १७ सेंटिमीटरच्या आसपास हवी. शर्टाला तेवढं लेबल कोण लावणार? म्हणून ती दुमडून, वळवून बसवतात. नागमोडीपणा शोभेचा नाही तो असा. अँटेनाने पकडलेल्या लहरीतून चिपच्या वाट्याला येणारी वीज अगदी नगण्य असते. पण एका वॅटचे लाख भाग केले, तर त्यातला एक भागही आजच्या चिपला जागं व्हायला पुरतो.

एवढ्याशा विजेत स्वतःची लहर सोडणं शक्यच नाही. अंगणात आरसा घेऊन समोरच्या भिंतीवर कवडसा नाचवणारं पोर आठवा. ऊन सूर्याचं, पण नाचणं पोराचं. चिप नेमकं हेच करते. अँटेनाच्या मुळाशी असलेला सूक्ष्म स्विच ती उघडते, मिटते. त्यामुळे रीडरचीच लहर कधी जास्त परतते, कधी कमी. या चढउतारात शून्य आणि एक दडलेले असतात. परत पोचेपर्यंत मूळ शक्तीचा जेमतेम अब्जावा भाग शिल्लक राहतो. आणि रीडरला तो ऐकायचा असतो स्वतःची लहर चालू ठेवून, कारण ती थांबली की समोरची चिप तिथेच विझते. खरं कौतुक रीडरच्या कानाचं आहे, असं मला तरी वाटतं.

ही युक्ती पहिल्यांदा गाजली ती हेरगिरीत. १९४५ साली मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला लाकडात कोरलेली राजमुद्रा भेट दिली. ती राजदूताच्या निवासस्थानी सात वर्षं भिंतीवर राहिली. आत लेव्ह थेरेमिन या संशोधकाने केलेलं, ना तार ना बॅटरी असलेलं उपकरण होतं. बाहेरून रेडिओलहर मारली, की खोलीतलं बोलणं परतणाऱ्या लहरीवर स्वार होऊन बाहेर जाई. १९५२ मध्ये ते सापडलं. मधेच, १९४८ साली, हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित लहरींतून संदेश पाठवण्यावर शोधनिबंधही लिहिला होता. दुकानातल्या मालापर्यंत ही कल्पना पोचली ती बरीच नंतर. १९९९ मध्ये अमेरिकेत एमआयटीत ऑटो-आयडी सेंटर सुरू झालं. त्याच्या संस्थापकांत आयआयटी कानपूरहून गेलेले संजय सरमा होते. चिपवर फक्त एक क्रमांक ठेवा, बाकीची माहिती संगणकात राहू द्या, म्हणजे चिप स्वस्त होईल, हा तिथला आग्रह होता.

क्रमांक मात्र दांडगा, ९६ बिटांचा. नेहमीचा बारकोड एवढंच सांगतो की हा अमुक कंपनीचा अमुक मापाचा निळा शर्ट आहे. टॅग, म्हणजे चिप आणि अँटेना असलेलं हे लेबल, सांगतो की त्यातला हा नेमका कोणता नग. एकाच प्रकारच्या शर्टाच्या २७ हजार कोटींहून जास्त नगांना वेगवेगळे क्रमांक देण्याची त्यात सोय आहे.

आता पेटीत दोनशे नग आहेत आणि रीडरने हाक मारली. सगळे एकदम ओरडले तर? इथे मला सगळ्यात जास्त मजा वाटते. रीडर जाहीर करतो: ० ते २५५ मधला एक आकडा धरा. प्रत्येक टॅग मनाशी एक आकडा काढतो. रीडर एकेक पाळी पुकारत जातो तसा प्रत्येकाचा आकडा एकाने घटतो, आणि ज्याचा शून्यावर येतो तो बोलतो. तोही लगेच आपला क्रमांक सांगत नाही. आधी सोळा बिटांचा एक वाटेल तो आकडा टाकतो. रीडरने तोच आकडा बिनचूक परत म्हटला, तरच खरा क्रमांक देतो, नोंद झाल्याची खूण आतल्या आत करतो आणि गप्प बसतो. दोघे एकाच पाळीत बोलले तर नुसता कालवा. त्यांना पुढच्या फेरीत पुन्हा संधी. फेरी कितीही जमून आली तरी शंभरातल्या सदतीसेक पाळ्याच कामी लागतात, बाकीच्या रिकाम्या जातात नाहीतर गोंधळात. तरी सेकंदाला शेकडो टॅग वाचून होतात. नशिबावर सोडलेल्या या शिस्तीचं मूळ हवाई बेटांवरच्या १९७१ च्या अलोहा या रेडिओ-संगणक जाळ्यात आहे.

गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच जातीचा. न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरात १ जुलै २०१६ पासून कंटेनरनाही टॅग लागू लागले. बंदराचं गेट, टोलनाके, गोदामं अशा ठिकाणचे रीडर त्यांची नोंद घेतात आणि आयातदाराला आपला माल कुठवर आला ते घरबसल्या दिसतं. शर्टाचं लेबल मात्र कंटेनरवर चालत नाही. पोलादाला चिकटून अँटेना मुकी होते. तिथे मधे अंतर राखणारा जाड कवचाचा टॅग लागतो. पाण्याचंही तसंच, ते लहरी पिऊन टाकतं. शांपूच्या बाटल्यांच्या खोक्यात मधल्या रांगेतल्या बाटल्या म्हणूनच हमखास वाचायच्या राहतात.

गोदामात हल्ली उलटीच तक्रार जास्त ऐकू येते. चिपा इतक्या तरतरीत झाल्या आहेत, की दारातून ट्रकमध्ये चढणाऱ्या खोक्यांबरोबर बाजूला नुसती उभी असलेली खोकीही ‘गेली’ म्हणून नोंदली जातात. मग परतणाऱ्या लहरीची कला (फेज) किती सरकते ते मोजून, हलणारा नग कोणता आणि जागेवरचा कोणता हे ओळखावं लागतं. वर्षानुवर्षं रीडरचा पल्ला वाढवण्यासाठी धडपडलेले इंजिनिअर आता त्याच दारावर धातूचे पडदे लावून तो आवरत बसलेले असतात.